दहा मिनिटं

हुपरी रोडच्या आत, उसाच्या मधोमध सपाट केलेल्या माळावर
सकाळी साडेसातला मी तंबूच्या दोऱ्या ताणल्या.
टेबल, टॉर्च, दाढीचा गोल आरसा,
आग विझवायचे दोन लाल सिलिंडर,
आणि माझा गेज, जुन्या मोज्यात गुंडाळलेला.

पहिल्या गाडीची टाकी चक्क सीटखाली. परत पाठवली.
दुसरीत पेट्रोलची नळी पत्र्याच्या भोकातून तशीच,
रबराची कडी नाही; घासून घासून
नळीला वळ उठलेला, बोटात रुतलेल्या अंगठीसारखा.
तिसऱ्यानं दूध डेअरीतला पारदर्शक पाइप लावलेला.
"आत काय चाललंय ते दिसतंय की ओ!"
दिसतं.
जळतानाही दिसेल.

मग सत्तावीस नंबर.
मागून ढकलत आले दस्तगीर उस्ताद,
स्टिअरिंगवर नौशीन, हेल्मेट मांडीवर.
उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या बोळात
ह्याच माणसानं मला पाना धरायला शिकवला.
"पेट्रोल डोळ्याला मागनं दिसतं, नाकाला आधी कळतं,"
म्हणायचे,
आणि त्यापायी ईदलासुद्धा अत्तर लावत नसत.

त्यांची डावी भुवई अर्धीच आहे.
बाकीची एका कार्बोरेटरनं नेली,
माझ्या तिथं लागण्याआधी कधीतरी.
नियमांच्या चौदा पानांत त्या भुवईचा उल्लेख नाही,
पण कलम सहा वाचताना
मला तीच दिसते.

टाकी ठीक. सीटमागची पत्र्याची भिंत ठीक.
पंप बंद करायचं बटण
नौशीननं डोळे मिटून, पट्टे बांधलेल्या अवस्थेत
पहिल्या झटक्यात दाबून दाखवलं.
पण पंपापासून इंजिनापर्यंत
तांब्याची नळी.
आत वाळू भरून हातानं वाकवलेली,
कुठं चुणी नाही, चपटेपणा नाही,
हुपरीच्या पैंजणकारानं थांबून बघावीत अशी वळणं.

तांबं थरथरीनं कडक होतं,
आणि कडक झालेलं एके दिवशी न सांगता तडकतं.
म्हणून वहीत लिहिलंय: विणीची स्टीलची नळी.
जुन्या गाड्यांना यंदापुरती सूट,
दाब धरला तर.

गेज जोडला. पंप चालू. काटा तीन बारवर.
पंप बंद.
दहा मिनिटांत पॉइंट तीनच्या वर पडता कामा नये.

दोन मिनिटं काटा चित्रातल्यासारखा.
चौथ्याला दोन पॉइंट आठ.
नौशीन हातमोजे घालत होती, काढत होती.
पलीकडं कुणाचं तरी इंजिन खोकलं आणि गप्प बसलं.
सहाव्याला दोन पॉइंट सहा.
मी पेनाचं टोपण काढलं.

"ठेव ते," उस्ताद म्हणाले. "सहाच झालीत."
"उस्ताद, खाली गेलाय काटा."
"मला दिसतंय. पुरी मोज.
आज घाईनं नापास करशील,
उद्या कुणाला तरी घाईनं पास करशील."

मग ते गुडघ्यावर बसले.
टॉर्च घेतली नाही, आरसा घेतला नाही.
नळीच्या अंगानं नाक नेत गेले, सावकाश,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसे,
आणि पंपाजवळच्या नटापाशी थांबले.
अंगठा लावला.
ओला अंगठा त्यांनी मला दाखवलाच नाही,
लेकीसमोर धरला.
तिनं वास घेतला. मान हलवली.

दहा. दोन पॉइंट चार.
रकान्यात मी 'नाही' लिहिलं.
'मेकॅनिक' समोर त्यांनी सही केली,
माझ्या पहिल्या पगाराच्या पाकिटावर होती तीच,
फक्त आता शेवटचा फाटा थरथरलेला.

दुपारी शर्यत सुरू झाली. धूळ, शिट्ट्या.
टेम्पोच्या सावलीत नौशीन भडंग खात बसलेली,
आणि उस्ताद करवतीनं नळी कापत होते,
चीर कुठून सुरू झाली ते बघायला.
मी गेलो नाही तिकडं. जायला हवं होतं बहुतेक.

रात्री घरी तीनदा साबणानं हात धुतले.
भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला
तर वास होताच.
बायको म्हणाली, परत धुवा.
म्हटलं, राहू दे.